मुळांना वारा हवा



गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक बदल झालाय, तुमच्याही लक्षात आला असेल. पूर्वी पारण्याला, वाढदिवसाला, नव्या घराच्या वास्तूला कुणी आलं की हातात फुलांचा गुच्छ असायचा. तोडलेली फुलं आपल्यातल्या पुष्कळ जणींना नको वाटतात, म्हणून आता लोक कुंडीतलं जिवंत झाड आणतात. त्यात हल्ली बरेचदा येतं ते ऑर्किड. पांढरी किंवा जांभळी, फुलपाखरासारखी फुलं, खाली चार-पाच जाड पानं आणि चिनी मातीची देखणी कुंडी. फुलं दोन-तीन महिने टिकतात. मग ती गळतात, पानं मऊ पडतात आणि वर्षाच्या आत कुंडी रिकामी होते. "हे झाड आपल्याकडं जगतच नाही," असं म्हणून आपण तीत तुळशीचं रोप लावतो.

हे झाड आपल्या घरात का मरतं, हे कळायला इंग्लंडातल्या मोठमोठ्या बागांना शंभराहून जास्त वर्षं लागली. तो इतिहास आज सांगणार आहे, कारण आजारी ऑर्किडची कुंडी कशी बदलायची हे त्यातूनच नीट समजतं. मी बी.कॉम. झालेली बाई, वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. पण कुठं किती जमा आणि किती खर्च, एवढं वाचता येतं. या इतिहासात खर्चाची बाजू फार मोठी आहे.

मी या विषयात पडले ती माझ्या थोरल्या नणंदेमुळं, आक्कांमुळं. भाद्रपदात त्यांनी दशलक्षण पर्वाचे दहा उपवास केले. पारण्याच्या दिवशी नातवानं त्यांना पांढरं ऑर्किड आणून दिलं आणि पुढच्याच महिन्यात तो शिकायला जर्मनीला गेला. आक्का त्या झाडाला नातवासारखंच जपायच्या. रोज बस्तीतून आल्या की गाळलेल्या पाण्याचं एक भांडं त्याला. माघात पानं सुरकुतली, तसं त्यांनी दोन भांडी घालायला सुरुवात केली. मग खालचं पान पिवळं पडून गळलं. फोनवर त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "अगं, माझ्या हातनं एक जीव चालला बघ. पाण्याला कधी चुकले नाही, तरी चालला."

आपल्यासाठी झाड म्हणजे एकेंद्रिय जीव. तो आपल्या हातून जावा, आणि तोही माया करताना, हे आक्कांना सोसवत नव्हतं. त्यांना मी जे सांगितलं तेच आता तुम्हाला सांगते.

आधी हे झाड मुळात कुठलं, ते बघू. आपल्याकडं भेट येतं त्या ऑर्किडचं नाव फॅलेनॉप्सिस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पतंगासारखं दिसणारं. दिव्यावर येतो तो पतंग. ब्लूम नावाच्या शास्त्रज्ञानं १८२५ मध्ये हे नाव दिलं. पण त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर रंफियस नावाचा एक माणूस राहत होता. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी त्यानं तिथल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ पुरा केला. तो छापला गेला १७४१ पासून पुढं, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. झाडांवर वाढणाऱ्या या पांढऱ्या फुलाचं वर्णन त्यात आहे. आज हे फूल इंडोनेशियाच्या राष्ट्रीय फुलांपैकी एक आहे.

झाडांवर वाढणारं, हे इथं महत्त्वाचं. कोकणात पावसाच्या तोंडाला आंब्या-फणसाच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब झुबके लोंबताना तुम्ही पाहिले असतील. त्याला सीतेची वेणी म्हणतात. तेही ऑर्किडच, आणि त्याच्या मुळांशी चिमूटभरही माती नसते. मुळं सालीला धरून उघड्यावर पसरलेली असतात. पुष्कळ लोक त्याला बांडगूळ समजतात. 'व्हँडा' हे एका जातीच्या ऑर्किडांचं शास्त्रीय नावही संस्कृतातल्या 'वंदा' या शब्दावरून आलंय, आणि वंदा म्हणजे झाडावर वाढणारं बांडगूळ. पण ऑर्किड झाडाचा रस शोषत नाही. त्याला बसायला फक्त जागा हवी असते. पाऊस पडला की त्याच्या मुळांवरचा पांढरा, स्पंजासारखा थर पाणी पटकन टिपून घेतो. मग वारा येतो आणि मूळ पुन्हा कोरडं होतं. भिजायचं आणि सुकायचं, असा त्याचा दिनक्रम.

आता इंग्लंडात काय झालं ते बघा. अठराव्या शतकात जहाजांतून गरम देशांतली ऑर्किडं तिकडं पोचू लागली. १७३० च्या सुमारास बहामा बेटांवरून आलेल्या एका ऑर्किडला तिथं फूल आलं आणि श्रीमंतांना त्याचं वेड लागलं. तिथले माळी काही अडाणी नव्हते. त्यांनी विचार केला, झाड गरम देशातलं आहे, म्हणजे त्याला ऊब हवी. जंगलातलं आहे, म्हणजे ओलावा आणि सावली हवी. आणि झाड आहे, म्हणजे माती तर हवीच. मग त्यांनी ऑर्किडं मातीच्या कुंड्यांत दाबून बसवली. कामट्या भिजवून उरलेल्या नव्हे, तर चामडं कमावून उरलेल्या सालीचे ढीग कुजताना गरम होतात, त्या ढिगांत कुंड्या पुरल्या. काचघराच्या फटी बुजवल्या आणि विटांच्या नळांतून कोळशाची धग फिरवली. अशा काचघराला ते लोक 'स्टोव्ह'च म्हणायचे. वर पाणीही भरपूर.

ऑर्किडं हजारोंनी मेली. मेली की नवी मागवायची, कारण पैशाला तोटा नव्हता. मधेच एखाद्याला वेगळं सुचायचं. जोसेफ बँक्स या प्रसिद्ध शास्त्रज्ञानं वेताच्या टोपल्यांत शेवाळ घालून त्यांत ऑर्किडं लावून पाहिली. पण बाकीच्यांची पद्धत तीच राहिली. जॉन लिंडली हा त्या काळचा ऑर्किडांचा सगळ्यात मोठा जाणकार. १८३० मध्ये त्यानंही दाट सावली, जास्त उष्णता आणि खूप दमटपणा हाच सल्ला दिला. एवढ्या मोठ्या माणसानं सांगितलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? अजून काही वर्षं ऑर्किडं मरत राहिली.

बदल सुरू झाला तो चॅट्सवर्थ नावाच्या एका सरदाराच्या बागेत. तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. लंडनमध्ये १८५१ च्या प्रदर्शनासाठी जो काचेचा महाल उभा राहिला, तो पुढं यानंच रचला. त्याच्या मालकाला ऑर्किडांची ओढ लागली आणि १८३५ मध्ये त्यानं जॉन गिब्सन नावाचा तरुण माळी थेट हिंदुस्थानात पाठवला. गिब्सन कलकत्त्याहून खासी टेकड्यांत गेला, म्हणजे आजच्या मेघालयात, आणि १८३७ मध्ये शेकड्याच्या घरात ऑर्किडं घेऊन परतला. सगळी ऑर्किडं एकाच भट्टीत कोंडून चालत नाहीत, हे पॅक्स्टननं ओळखलं. त्यानं वेगवेगळ्या तापमानाची वेगवेगळी काचघरं केली आणि आत हवा खेळती ठेवली. दमटपणा हवा तर मुळांवर पाणी न ओतता त्यानं फरशी ओली केली. त्याच्याकडं झाडं जगू लागली.

मला या सगळ्यात जास्त भावली ती जोसेफ हूकरची नोंद. हूकर पुढं लंडनजवळच्या क्यू इथल्या प्रसिद्ध बागेचा प्रमुख झाला. १८५० मध्ये तो खासी टेकड्यांत फिरत होता. त्या वेळी इंग्लंडात निळ्या व्हँडाला सोन्याचा भाव होता आणि ती तिथं जगवणं फार अवघड मानलं जायचं. हूकरला ती टेकड्यांवर ओकच्या झाडांवर डुलताना दिसली, तीन-चार हजार फूट उंचीवर. त्यानं नीट पाहिलं. झाडं खुरटी, पानं विरळ. व्हँडाच्या अंगावर ऊन, पाऊस, वारा सगळं थेट येतं. फांद्यांवर शेवाळ नाही, मुळं कोरड्या खडबडीत सालीवर पसरलेली. पावसाळ्यात भरपूर ओलावा, पण हवा कधी कोंडलेली नाही. फुलांच्या दिवसांत साधारण १५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान, आणि हिवाळ्यात तर जमिनीवर दहिवर गोठतं. इंग्लंडात या झाडाला जे जे आवश्यक मानतात, ते त्याच्या मूळच्या राहणीच्या अगदी उलट आहे, असं त्यानं आपल्या प्रवासवर्णनात स्पष्ट लिहून ठेवलं. ते पुस्तक १८५४ मध्ये निघालं.

म्हणजे बघा, शंभराहून जास्त वर्षं ज्या झाडाला लोक ऊब आणि पाणी देत होते, त्याला मुळांभोवती वारा हवा होता. कुणीतरी झाडाच्या घरी जाऊन बघितलं तेव्हा ते कळलं. पुढं १८६० च्या दशकात जेम्स बेटमन या जाणकारानं थंड हवेतली ऑर्किडं थंडच ठेवा असं ठासून सांगितलं आणि साध्या माणसालाही ती परवडू लागली, कारण कोळशाचा खर्च वाचला.

आक्कांना मी हेच म्हटलं, "आक्का, काचेचे महाल बांधणाऱ्यांना जे समजलं नाही, ते तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. झाड अजून गेलेलं नाही. पाठवा इकडं." भाच्यानं गाडीतून आणून दिलं. दोन दिवसांनी आक्काही आल्या.

आता कामाचं सांगते. पानं सुरकुतली की झाड तहानलेलं आहे असं वाटतं. तसं असूही शकतं, पण पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरी पानं अशीच सुरकुततात, कारण कुजलेलं मूळ पाणी वर नेऊ शकत नाही. कुंडीत पाणी आणि पानांत दुष्काळ. मग आपण आणखी पाणी घालतो. म्हणून पानांकडं बघून ठरवू नका, मुळं बघा. फॅलेनॉप्सिसचं जिवंत मूळ कोरडं असताना चंदेरी दिसतं, भिजलं की हिरवं होतं आणि दाबलं तर टणक लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी, पोकळ असतं. ओढलं तर साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो.

आक्कांचं झाड बाहेर काढलं तेव्हा त्या देखण्या कुंडीला खाली भोकच नव्हतं. आत प्लॅस्टिकची लहान कुंडी, तिच्यात मुळांभोवती घट्ट आवळलेला ओल्या शेवाळाचा गोळा आणि तळाला पाणी. ते शेवाळ नर्सरीच्या सोयीचं असतं, कारण तिथं पाणी मोजून दिलं जातं. घरात रोजच्या भांडभर पाण्यानं ते सुकतच नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा 'स्टोव्ह' आपल्या दिवाणखान्यात पुन्हा तयार होतो.

फाल्गुनातली अष्टाह्निका संपायला तीन दिवस होते. पर्वाच्या दिवसांत हिरव्या झाडाला कात्री लावायची नाही, असं आक्कांचं म्हणणं. मला ते सोयीचंच होतं. ओलं शेवाळ हातानं सोडवून झाड नुसतं चाळणीत, सावलीत, वाऱ्याला ठेवलं. पौर्णिमा झाल्यावर आम्ही दोघी बसलो. आक्कांनी एकेक मूळ बोटांत धरून दाबलं. "हे आहे. हे गेलं. हे अर्धं आहे, राहू दे." जे गेलं तेवढंच कापायचं. अकरा मुळांतली चार निघाली जिवंत, शिवाय ते अर्धं. कात्री आधी ज्योतीवर धरून स्वच्छ केली होती. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावली, तिनं बुरशी धरत नाही. मात्र जिवंत मुळांना ती लावू नका, ती त्यांना सुकवते. फुलांचा वाळलेला दांडा काढला. एक दिवस जखमा सुकू दिल्या.

नवी कुंडी मोठी घेऊ नका. मुळं जेमतेम मावतील एवढीच, तळाला आणि बाजूला भोकं असलेली. पारदर्शक प्लॅस्टिकची असली तर मुळांचा रंग बाहेरून दिसतो. भरायला माती अजिबात नाही. नर्सरीत ऑर्किडसाठी झाडाच्या सालीचे तुकडे मिळतात, ते घ्या. त्यांत थोडे लोणारी कोळशाचे खडे आणि नारळाच्या सोडणाचे चार तुकडे. सोडण आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून धुवा, त्यातला खार निघून जातो. तांदूळ धुवायची रोवळी जशी पाणी धरत नाही, तशी कुंडी झाली पाहिजे. झाड सरळ धरून तुकडे मुळांमध्ये हलक्या हातानं सोडा, दाबू नका. पानांचा मधला भाग वर राहू दे.

दोन-तीन दिवस पाणी नाही. मग कुंडी दहा मिनिटं पाण्यात ठेवायची, पूर्ण निथळू द्यायची आणि मुळं पुन्हा चंदेरी होईपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात कधी दहा दिवसांनीही. वार ठरवू नका, मुळांचा रंग बघा. पानांच्या मध्यात पाणी साचलं तर कापसानं टिपून घ्या, नाहीतर गाभा कुजतो. पूर्वेची खिडकी उत्तम, दुपारचं ऊन नको. झाड अशक्त असताना खत नको, आणि बरं झाल्यावरही खत घेताना त्यात हाडांची भुकटी नाही ना ते वाचून घ्या.

सहाएक आठवड्यांनी त्या झाडाला नवं मूळ फुटलं, टोकाला पोपटी. झाड आक्कांकडं परत गेलं. श्रावणात पान आलं. फुलं अजून नाहीत, आणि आक्का त्यांची वाटही बघत नाहीत. रोज बस्तीतून आल्या की त्या कुंडी उजेडात धरतात, मुळांचा रंग बघतात आणि बहुतेक दिवशी पाणी न घालताच ठेवून देतात. "पाणी न घालणं अवघड असतं गं," असं त्या म्हणाल्या. आपल्या शास्त्रात जयणा म्हणतात ती मला त्या वाक्यात दिसली. हात पुढं करायच्या आधी समोरच्या जीवाला काय हवंय ते बघणं.

शेवटी हिशेब. हूकरनं खासी टेकड्यांतून सात माणसांची ओझी भरून निळी व्हँडा क्यूला पाठवली, त्यातली फार थोडी जिवंत पोचली. त्याच सुमाराला दुसऱ्या एका गृहस्थानं पाठवलेलं एका माणसाचं ओझं अगदी वाईट अवस्थेत पोचलं, तरीही तीनशे पौंडांना विकलं गेलं. तीनशे पौंड ऐकल्यावर मग टेकड्यांवर काय राहणार? कोलंबियात मिलिकन नावाच्या ऑर्किड गोळा करणाऱ्यानं १८९१ च्या आपल्या पुस्तकात स्वतःच लिहिलंय की दहा हजार रोपं मिळवायला सुमारे चार हजार झाडं तोडली. फांदीवरचं फूल काढायला अख्खं झाड आडवं. त्या दहा हजारांतली किती काचघरांत जगली असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

हे थांबायला वाट मिळाली ती एका साध्या पदार्थामुळं. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्याच्यात स्वतःची शिदोरी नसते. जंगलात एका बुरशीच्या मदतीनं ते रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन या शास्त्रज्ञानं ते बुरशीशिवाय, साखर आणि अगर यांच्या थरावर रुजवून दाखवलं. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास! जिलेटिन चालत नाही म्हणून आपण पुडिंगला घालतो तेच, समुद्री शेवाळाचं. १९६० मध्ये फ्रान्समधल्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून ऑर्किडची रोपं वाढवायची रीत दाखवली. आज आपल्याकडं येणारी फॅलेनॉप्सिस अशा प्रयोगशाळांतून आणि नर्सरींतून आलेली असतात. त्यासाठी जंगलातलं झाड तोडलेलं नसतं.

म्हणून दोन गोष्टी सांगते. घाटात, कोकणात किंवा ईशान्येला फिरायला गेलात आणि रस्त्याकडेला कुणी फांदीसकट जंगली ऑर्किड विकताना दिसलं, तर घेऊ नका. निळ्या व्हँडाला तर आपल्या कायद्यानं संरक्षण आहे. आणि भेट आलेलं ऑर्किड फुलं गळल्यावर टाकू नका. ते मेलेलं नसतं, विसावा घेत असतं. या रविवारी तुमच्या घरातल्या कुंडीला खाली भोक आहे का, तेवढं बघा. नसेल तर त्या सुंदर कुंडीतून आतली कुंडी आजच बाहेर काढून ठेवा.

जय जिनेंद्र.